सात माणसांचा बॉयलर

परदेशात राहणाऱ्या पोराच्या आठवणी म्हटलं की तुम्ही आधी रुमाल काढणार, मला माहितीय. आता हा बर्फावर लिहील, मग खिडकीत बसून आईच्या भाकरीवर लिहील, शेवटी डोळे पुसत विमानतळावर जाईल. ठेवा तो रुमाल खिशात. मी बॉयलरवर लिहिणार आहे. गावाकडच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "बॉयलर कशाला रे, गावरान खा ना, चव असते." कोंबडीवर पण नाही लिहिणार. इकडे प्रत्येक घरात भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली असते. ती गॅसवर पाणी तापवते, नळाला देते आणि थंडीत तेच गरम पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरवते. ती पेटी. आणि प्रेमानं वगैरे अजिबात लिहिणार नाहीये, कारण त्या आठवड्यातलं काहीही आठवलं तरी मला अजून मळमळतं.

मी लीड्समध्ये मामा-मामींकडे राहतो. मामा इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. त्यांचा मुलगा वॉटफर्डला असतो, मुलगी लेस्टरला. दोघंही रविवारी फोनवर येतात. मी मास्टर्सला आलो तेव्हा "पंधरा दिवस राहतो" म्हणालो होतो, त्याला आता चार वर्षं झाली. शिक्षण तालुक्याच्या शाळेत झालं, तिथून मी एकच कला घेऊन निघालो, ती म्हणजे नकला. सातवीत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्ख्या वर्गाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. मामांचा आवाज तर मला पहिल्याच महिन्यात जमला. घसा दोनदा साफ करायचा, मग नाकातून "येस, लुक हिअर" म्हणायचं आणि प्रत्येक वाक्य प्रिस्क्रिप्शन लिहिल्यासारखं तोडायचं. घरातला फोन वाजला की मी मामा होऊन उचलायचो. मामांचे मित्र दहा-दहा मिनिटं मला आपली शुगर सांगायचे. मामी भाजी चिरता चिरता तोंडाला पदर लावून हसायच्या. मामा "नालायक आहेस" म्हणायचे आणि पुन्हा फोन वाजला की माझ्याकडेच बघायचे.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी बॉयलर मेला. शांतपणे नाही मेला. आधी आतून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज आला, मग खालून तांबडं पाणी गळायला लागलं, आणि किचनमध्ये ओल्या लोखंडाचा आणि जुन्या धुराचा असा वास पसरला की मामींनी फोडणीचं तेल गॅसवरून उतरवलं. माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन घ्या.

नवीन घ्यायला कुणाची ना नव्हती. अडचण तारखेची होती. सोमवारी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोनदा पुढे ढकललेलं, आता कुठे मिळालेलं. गुरुवारी त्यांना घरी सोडणार होते. फिजिओनं बजावून सांगितलं होतं की घर गरम पाहिजे, गारठ्यात पाय आखडून घेतलात तर व्यायाम होणार नाही आणि गुडघा तसाच राहील. मामी म्हणाल्या, "गुरुवारी मी घरी येणार आणि घर गरम असणार. बाकी तुमचे दोघांचे काय घोळ असतील ते घाला."

घोळ घालायला आम्हाला सांगावं लागत नाही.

दोन दिवसांत घराची कळा गेली. बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके होतेच, ते आता छतावर चढले. दोन फॅन हीटर एकदम लावले की फ्यूज उडायचा. मामा माकडटोपी घालून पेपर वाचायचे आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघायची. मी अंघोळीला जिममध्ये गेलो. तिथल्या शॉवरच्या जाळीवर तीन वेगवेगळ्या रंगांचे केस होते आणि कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी. मी न भिजता परत आलो.

त्यात मामांनी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "बॉयलर केवढा घ्यावा?" झालं. बॉयलरची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. एकानं लिहिलं, आमचा तीसचा. दुसऱ्यानं लगेच, आमचा पस्तीसचा, तीन बाथरूम आहेत ना. तिसऱ्यानं बॉयलरशेजारी उभं राहून फोटो टाकला, जणू मुलाच्या ग्रॅज्युएशनचा. घरात कुणाला किती ऊब लागते हे एकानंही विचारलं नाही. शिसारी आली मला. मी त्यातल्या दोघातिघांच्या आवाजात मामांना मेसेज वाचून दाखवले. मामा हसले, पण डोक्यात आकडा घुसला होता.

शनिवारी सेल्समन आला. माझ्याच वयाचा, टोकदार बूट, आणि अंगावर एवढं सेंट की पडद्यांना आठवडाभर त्याचा वास होता. बूट काढा म्हटल्यावर ऐकू न आल्यासारखं करून तो थेट कार्पेटवरून सोफ्यावर गेला. मामींनी चिवडा दिला. त्यानं तो मुठीनं खाल्ला, पिवळी झालेली बोटं चाटली आणि त्याच बोटांनी टॅबलेटवर आमचं घर भरायला लागला. एकही रेडिएटर बघितला नाही. जिना चढला नाही. जुना बॉयलर बघायला किचनमध्येसुद्धा डोकावला नाही.

"बेडरूम किती?"

"चार," मामा म्हणाले.

"बाथरूम?"

"दोन."

"आणि राहणारी माणसं?"

मामांनी घसा साफ केला. "सेव्हन."

मी बघतच राहिलो. मामा बोटं मोजत होते. "आम्ही दोघं. मुलगा, सून, नात, पाच झाले. मुलगी, सहा. आणि हा भाचा, हा तर दोनदा अंघोळ करतो."

"लव्हली," सेल्समन म्हणाला आणि बेचाळीस किलोवॅटवर बोट टेकवलं. स्क्रीनवर हळदीचा ठसा उमटला.

तो बाहेर गाडीत कागद आणायला गेला तेव्हा मी म्हटलं, "मामा, सात माणसं कुठली? सून गेल्या दिवाळीलासुद्धा आली नाही."

"गणपतीला येतात ना सगळे. तेव्हा तर वीस माणसं असतात घरात. आरतीच्या आधी सगळ्यांच्या अंघोळी व्हायला नकोत?"

"अहो, गणपती सप्टेंबरात येतो. तेव्हा हीटिंग बंद असतं. आणि दीड दिवसाच्या गणपतीसाठी वर्षभर—"

"हे बघ, मोठं घेतलं की कमी वापरता येतं. लहान घेतलं तर जास्त कुठून आणशील?"

याच हिशेबानं माझी शाळेची चड्डी घेतली जायची. वाढत्या अंगाची. कमरेला सेफ्टी पिन लावून मी ती तीन वर्षं धरून चाललो आणि अंग वाढेपर्यंत ती फाटली. पण चड्डीच्या बाबतीत निदान पोरगं वाढणार तरी होतं. इथं घर दरवर्षी आकसत चाललेलं, आणि हे वाढत्या अंगाचा बॉयलर घेतायत. मामी सोफ्यावरून गुडघा चोळत म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत बसतोय ना? मग चाळीसचा घ्या नाहीतर चारशेचा." मामांनी सही केली.

सोमवारी ऑपरेशन झालं, नीट झालं. मामा रोज सकाळी जायचे, रात्री जेवायला यायचे. वॉर्डात शिरताना फोन बंद करायचे. आता कुणीच करत नाही, पण ते डॉक्टर असताना तसा नियम होता.

मंगळवारी त्याच कंपनीचा फिटर आला, बसवायच्या आधी जागा बघायला. साठीचा, हळू बोलणारा, अस्सल इथला, यॉर्कशायरचा. "नाउ देन," म्हणजे इकडचं राम राम, म्हणाला आणि दारातच बुटांवर निळे प्लास्टिकचे मोजे चढवले. तेवढ्यानंच मला तो आवडला. त्यानं प्रत्येक खोलीत जाऊन रेडिएटर मोजले, खिडक्या मोजल्या, भिंत ठोकून आतल्या पोकळीत थंडी अडवणारा भराव आहे का ते ऐकलं, माळ्यावर डोकं घालून बघितलं. बाथरूममध्ये टबात ठेवलेली बादली आणि प्लास्टिकचा जग बघून थांबला.

"हे काय?"

"अंघोळ," मी म्हटलं. "आम्ही टबात उभे राहतो, बादली भरतो आणि जगनं अंगावर घेतो."

"शॉवर?"

"शॉवरवर मामी नॅपकिन वाळत घालतात."

तो हसला नाही. बादली उचलून खाली किचनमध्ये नेली, नळाखाली धरली, नळ पूर्ण सोडला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. भरली तेव्हा म्हणाला, "रस्त्यावरून तुमच्या घरात एका मिनिटात एवढंच पाणी येतं. बॉयलर केवढाही लावा, तो जास्त पाणी कुठून आणणार? आलंय तेवढंच तापवेल." मग कागदावर आकडे मांडले. कडाक्याची थंडी पडली तरी हे घर गरम ठेवायला दहा किलोवॅट पुरतात. नळाच्या गरम पाण्यासाठी, तेही बादल्यांसाठी, चोवीसचा बॉयलर भरपूर झाला. बेचाळीसवाला एवढा दांडगा की त्याला हळू जळताच येणार नाही. पेटेल, मिनिटभरात जास्त होईल, विझेल, पुन्हा पेटेल. दिवसभर तेच, आणि लवकर खराब होईल.

"आणि अजून एक," तो म्हणाला. "तुमचा गॅसचा पाइप त्याला बारीक पडतो. जाड पाइप टाकायला हॉलपासून किचनपर्यंत फरशी उचलावी लागेल. ते पुढच्या बुधवारच्या आधी होत नाही."

"गुरुवारी मामी घरी येतायत. गुडघा बदलून."

"चोवीसचा असेल तर उद्या सकाळी सुरू करतो, परवा दुपारी देतो. उद्याचा दिवस मोकळा आहे." त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "पण सही डॉक्टरांची आहे, लॅड. मी ऑफिसला कळवतो, त्या डॉक्टरांना फोन करतील. त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

सगळं उघड होतं. ज्यानं घर बघितलंच नाही त्यानं सही घेतली होती, आणि ज्यानं गुडघे टेकून बघितलं त्याला विचारायला कुणी तयार नव्हतं. मी मामांना फोन लावला. बंद. खरं सांगायचं तर एकदाच लावला. वॉर्डाच्या नंबरावर करता आला असता, सिस्टरनं निरोप दिला असता. मी नाही केला. मामा काय म्हणतील ते मला पाठ होतं.

तासाभरानं घरातला फोन वाजला. मी उचलला, घसा दोनदा साफ केला.

"येस?"

"डॉक्टर बोलताय ना?" बाई गोड आवाजाची होती.

"स्पीकिंग. लुक हिअर, तुमच्या फिटरनं सगळं समजावलंय. चोवीसचा बसवा. उद्याच या."

"हो, पण माझ्याकडे फॉर्मवर सात माणसं लिहिलीयत, डॉक्टर. सात जणांना चोवीसचा कमी पडेल म्हणून विचारते."

इथं मी नुसतं "पुरेल" म्हणायला हवं होतं. काम झालं होतं. पण आवाज एकदा लागला की मला थांबता येत नाही, समोर कुणी ऐकत असेल तर अजिबातच नाही.

"सात कुठली आली, मॅडम? टू ओन्ली. ओल्ड मॅन, ओल्ड वुमन. मुलं गेली. ती आता येत नाहीत, फोनवर येतात. आणि फोनला गरम पाणी लागत नाही."

बाई खुदकन हसली. मग इकडच्या बायका मायेनं कुणालाही म्हणतात तसं म्हणाली, "ओ, आय ॲम सो सॉरी, लव्ह."

मला ते सॉरीसुद्धा आवडलं. टाळी पडल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की त्या चिवडा खाणाऱ्या सेल्समनचा राग थोडा कमी होतो. त्यानं निदान स्वतःच्या तोंडानं खाल्लं होतं.

बुधवारी सकाळी फिटर आणि त्याचा जोडीदार आले. जुना बॉयलर उतरवला तर मागच्या भिंतीवर पेटीएवढा तेलकट काळा चौकोन, त्यात मेलेल्या माश्या चिकटलेल्या. रेडिएटरमधलं जुनं पाणी काढलं ते पाणी नव्हतंच. काळं, दाट, सांडलेल्या ग्रीससारखं, त्याला सडलेल्या अंड्याचा वास. बादल्याच्या बादल्या निघाल्या. इतकी वर्षं हेच आमच्या पायांशी फिरत होतं, आणि आम्ही त्यावर मोजे वाळवत होतो. मी दोन बादल्या मोरीपर्यंत नेल्या आणि तिसऱ्या वेळी अंगणात जाऊन ओकलो. फिटर म्हणाला, "बेटर आउट दॅन इन," आणि ते बादलीबद्दल होतं की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

संध्याकाळी मामा आले. "अरे वा, लागले पण कामाला?"

"पाइप बघून त्यांनी थोडा बदल केलाय," मी म्हटलं. "गुरुवारी होईल."

मामा दिवसभर वॉर्डातल्या खुर्चीत बसून वाकले होते. "गुरुवारी होतंय ना, मग ठीक," म्हणाले आणि कोट न काढता जेवले. पेटी पांढरी, नवीन, भिंतीवर. चोवीसची आणि बेचाळीसची बाहेरून जवळपास सारखीच दिसते.

गुरुवारी चार वाजता मामी वॉकर धरून आत आल्या. दारातच थांबल्या, स्कार्फ सोडला. मग हॉलमधल्या रेडिएटरवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. "हं," म्हणाल्या. "आता करते व्यायाम." बॉयलर मंद घुमत होता, विझत नव्हता, पेटत नव्हता. दोन दिवसांत मामींचा पाय उशीवरून चांगला वाकायला लागला. मी मनातल्या मनात स्वतःला शाल-श्रीफळ दिलं.

पुढच्या मंगळवारी पोस्टानं जाड पाकीट आलं. वॉरंटी, गॅसचं सर्टिफिकेट आणि एक पानभर माहिती, हा बॉयलर का निवडला याची. इंग्रज माणूस सगळं लिहून ठेवतो, हे मी विसरलो होतो. मामांनी चष्मा लावला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. चोवीस किलोवॅटला थांबले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचायला लागले, पण आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"ग्राहकाने फोनवर कळवल्याप्रमाणे घरात फक्त दोन वृद्ध व्यक्ती. मुले निघून गेली असून आता येत नाहीत."

मामांनी कागदाची घडी केली, होता तसा पाकिटात घातला. मी शिवीची वाट बघत होतो, निदान "नालायक" तरी. ते म्हणाले, "साइज बरोबर आहे." आणि जिना चढून वर गेले. दार लावल्याचा आवाज आला.

मामी सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. "फोन तू घेतलास?"

"मामी, अहो, तो बेचाळीसवाला तर उद्या बुधवारी बसला असता—"

"फोन तू घेतलास का?"

"हो."

"यांच्या आवाजात?"

मी मान हलवली.

"बॉयलर बदललास, त्याचं मला काही नाही. माझे पाय गरम आहेत, तुझ्यामुळे आहेत, ते मी म्हणते. खोटं बोललास, तेही एक वेळ गिळीन. पण ते वाक्य तू का बोललास?"

"मामी, पण ते खरंच..."

"खरं आहे म्हणूनच! मला माहीत नाही का खरं काय ते? त्यांना माहीत नाही? मुलं गेल्यापासून त्या माणसानं हे एकदाही तोंडातून काढलेलं नाही. माझ्यासमोर नाही, कुणासमोर नाही. सात म्हणतो, तर म्हणू दे ना. सातांत तुलाही धरलं होतं त्यांनी. आणि तू दोन म्हणून मोकळा झालास! कुणाशी? ऑफिसातल्या एका परक्या बाईशी. तिनं काय केलं, हसली?"

"आधी हसली."

"आणि मग?"

"सॉरी म्हणाली."

"म्हणजे तिला कळलं. तुला नाही कळलं." मामींनी वॉकर जवळ ओढला, मला वाटलं मारतायत, पण त्या फक्त त्यावर हात टेकून पुढे वाकल्या. "इतकी वर्षं मी हसले तुझ्या नकलांना, माझंच चुकलं. मित्रांना फसव, मंडळातल्या लोकांना फसव. पण त्यांच्या तोंडात त्यांनी न बोललेलं घालायचं, आणि वर ते छापून घरी पाठवायची सोय करायची! टेबलाशी बसून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं रे त्यांनी ते."

"वर जाऊन सॉरी म्हणतो."

"काही नको. सॉरी म्हणशील, आणि तेही पुन्हा त्यांच्याच आवाजात म्हणशील. चहा कर, दोन कप घेऊन वर जा, आणि शेजारी बस. एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, नसेल तर बसून राहायचं. येतं का तुला तेवढं, गप्प बसायला?"

मी खाली बघत उभा राहिलो. चेहरा कसा करावा तेच कळेना.

"आणि तोंड असं करू नकोस," मामी म्हणाल्या. "तेही कुणाचं तरी उचललेलं असेल."